माळ्यावरच्या रिळांचा लघुपट: आधी वास, मग स्कॅन, कात्री शेवटी

दिवाळीची साफसफाई आटोपली की ठरलेला फोन येतो. "माळ्यावर आजोबांची रिळं सापडलीत, त्यांवर काहीतरी प्रायोगिक करायचंय. प्रोजेक्टर कुठे मिळेल?" प्रश्नच चुकीचा आहे, आणि मीही एकदा तोच विचारला होता. मामाने १९७४ च्या गणपतीत गिरगावच्या खोलीत काढलेलं सुपर एटचं (घरगुती चित्रीकरणाच्या ८ मिमी पट्टीचं) रीळ मी चोरबाजारातून आणलेल्या प्रोजेक्टरवर चढवलं. आकसलेली पट्टी गेटमध्ये, म्हणजे दिव्यासमोरच्या खाचेत, अडकली. दिवा चालूच होता. भिंतीवर आजी नैवेद्याचं ताट घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर येत होती. तिच्या पदरावर तपकिरी डाग उमटला, त्याला बुडबुडा आला, आणि मग नुसता पांढरा उजेड. आठ फ्रेम्स गेल्या. सेकंदाला अठरा फ्रेम्सच्या हिशोबाने अर्धं सेकंदसुद्धा नाही.

जुन्या पट्टीची झीज आणि घरातल्यांच्या आठवणी यांतून लघुपट करायचा असेल, तर मोडतोड आधीच झालेली असते. तुम्ही तीत भर घालायची नाही, एवढंच पहिलं काम. खालचा क्रम त्यासाठीच आहे.

## ० : डबा उघडण्याआधीची तयारी

मुंबईत हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीत करा. जुलैत हवेतली आर्द्रता सर्रास ऐंशी टक्क्यांवर असते आणि पट्टीवरचा चित्राचा थर जिलेटिनचा असतो. जिलेटिन ओल शोषून फुगतं, आणि बुरशीचं तर ते आवडतं खाणं. पावसाळ्यातच करावं लागलं तर एसीच्या बंद खोलीत बसा. थंड खोलीतला डबा बाहेर आणून लगेच उघडू नका. फ्रिजमधल्या बाटलीवर जसं पाणी सुटतं तसंच पट्टीवर सुटतं.

सामान फार लागत नाही: धुतलेली पांढरी चादर अंथरलेलं टेबल, नायट्राइलचे हातमोजे, दहा पट भिंग, ट्रेसिंगसाठी मिळतो तो सपाट एलईडी लाइट-पॅड, हाताने फिरवायचे दोन रिवाइंडर, रिळाच्या टोकाला जोडायची कोरी पांढरी लीडर पट्टी, फिल्म जोडायची टेप आणि एक वही. साधी सेलोटेप घरातल्यांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. तिचा गोंद वितळून पुढच्या वेटोळ्यावर पसरतो आणि सुटता सुटत नाही.

## १ : न उघडता नोंद

प्रत्येक डब्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि त्याला नंबर द्या. डब्यावरचं अक्षर, लॅबचं पाकीट, पोस्टाचा शिक्का, आत कोंबलेली रद्दी, काहीही फेकू नका. ही सगळी पुढे चित्रपटाची सामग्री आहे. आमच्या एका डब्यावर "बारसं" लिहून खोडलंय आणि खाली "बारसं नाही" असं वेगळ्या शाईत लिहिलंय. आत बारसंच निघालं. कोणाचं, यावर घरात आजही एकमत नाही.

## २ : वास घ्या, माप ओळखा

डबा उघडा, पण नाक थेट आत घालू नका. हाताने हवा आपल्याकडे ओढा. चायनीजच्या गाडीवर मिरच्या घातलेली व्हिनेगरची बाटली असते, तसा आंबट वास आला तर ॲसिटेटची पट्टी (बहुतेक घरगुती रिळांचं प्लास्टिक हेच) कुजायला लागली आहे. तिच्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं आणि तेच ॲसिड कुजण्याचा वेग वाढवतं. म्हणजे आजार स्वतःच स्वतःला खतपाणी घालतो. असं रीळ त्याच दिवशी बाकीच्यांपासून वेगळं करा. स्कॅनिंगच्या रांगेत त्याचा नंबर पहिला.

नाकावर विश्वास नसेल तर ए-डी स्ट्रिप नावाच्या निळ्या कागदी पट्ट्या मिळतात. बंद डब्यात दिवसभर ठेवल्या की ॲसिडच्या प्रमाणात त्या निळ्याच्या हिरव्या, मग पिवळ्या होतात. हिरवटपणा दिसला की वाट बघू नका.

आता माप. १६ मिमी लगेच ओळखू येते. ८ मिमी रुंदीत मात्र दोन प्रकार आहेत आणि ते गल्लत होण्याचं मुख्य ठिकाण. जुन्या रेग्युलर एटची छिद्रं मोठी आणि दोन फ्रेम्सच्या मधल्या रेषेवर असतात. १९६५ मध्ये आलेल्या सुपर एटची छिद्रं बारीक, फ्रेमच्या मध्याशी. एकाच्या यंत्रात दुसरी घातली की काठ फाटतो. छिद्रं पट्टीच्या मधोमध दिसली तर ती ९.५ मिमी. ती नेहमीच्या दुकानात देऊच नका.

सावधान: डब्यात ३५ मिमीची पट्टी निघाली आणि ती १९५० च्या दशकाच्या सुरुवातीची किंवा त्याआधीची असण्याची शक्यता असेल, तर इथेच थांबा. ती नायट्रेट, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या जुन्या प्रकारची, असू शकते. नायट्रेट जळताना स्वतःच ऑक्सिजन तयार करतं, त्यामुळे ते पाण्याखालीही जळत राहतं. काठावर "सेफ्टी" म्हणजे सहज न पेटणारी, असं छापलेलं असलं तरी निर्धास्त होऊ नका, कारण मूळ निगेटिव्हवरची अक्षरं प्रिंटवर उतरलेली असू शकतात. तुकडा कापून काडीपेटीने "टेस्ट" करणारे काका प्रत्येक इमारतीत असतात, त्यांना दूर ठेवा. डबा बंद करा, गॅस आणि उन्हापासून लांब ठेवा, आणि पुण्याच्या राष्ट्रीय फिल्म संग्रहालयाला किंवा मुंबईतल्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनला विचारा. टॅक्सीत घालून स्वतः नेऊ नका.

## ३ : हाताने तपासणी आणि आकसण्याचं माप

रिवाइंडरवर पट्टी सावकाश फिरवा. बोटं फक्त काठावर. वहीत लिहा: कुठे जोड सुटलाय, कुठे छिद्र फाटलंय, कुठे बुरशी, कुठे पांढरी भुकटी. वेटोळी एकमेकांना चिकटली असतील तर ओढू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस पडला. त्या पाण्यात बुडून नंतर गच्चीवर "वाळवलेली" रिळं मी पाहिली आहेत, नुसत्या लाकडी चकत्या. (रीळ भिजलंच तर ते वाळवायचं नसतं. स्वच्छ थंड पाण्यात बुडवूनच दोन दिवसांत लॅबपर्यंत पोचवायचं असतं. हे कोणाला वेळेवर माहीत नसतं.)

आता एक माप बहुतेक जण घेत नाहीत, आणि सगळं बिघडतं ते तिथेच. न ताणता शंभर फ्रेम्स मोजा आणि स्टीलच्या पट्टीने लांबी बघा. धड अवस्थेत ती सुपर एटमध्ये सुमारे ४२३ मिमी भरते, रेग्युलर एटमध्ये ३८१, आणि १६ मिमीमध्ये ७६२. सुपर एट ४१९ च्या आसपास आली म्हणजे पट्टी एक टक्का आकसली. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण दातेरी चाकावर चढणाऱ्या यंत्रासाठी तो पुष्कळ झाला. गिरगावचं रीळ जळल्यानंतर मी मोजलं. ४१८ भरलं.

तपासा: एक टक्का किंवा जास्त आकसलं असेल, तर दात्यांशिवाय, रबरी रोलरवर पट्टी चालवणारा स्कॅनरच हवा. फोनवर हा प्रश्न विचारा. समोरचा "काही होत नाही, चालून जाईल" म्हणाला तर फोन ठेवा.

## ४ : सफाई, पण हात आखडता

पाणी नको. बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं आणि चित्र फडक्यावर येतं. कोलीन नको, चष्म्याचं द्रावण नको, डांबराच्या गोळ्या तर डब्याच्या आसपासही नकोत. सुटी धूळ मऊ मखमली कापडाच्या घडीतून पट्टी सावकाश ओढून काढा आणि दर काही फुटांनी घडी बदला. बुरशी असेल तर मास्क लावून, पंखा बंद करून, वेगळ्या खोलीत. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा मोह होतो, पण रंगीत पट्टीवर किंवा आवाजाचा चुंबकीय पट्टा असलेल्या सुपर एटवर ते घरी करू नये असं माझं मत आहे. तो खर्च लॅबवर करा.

आपल्याला झिजलेलीच पट्टी हवी आहे तर साफ कशाला करायची, असं पुष्कळ जण विचारतात. सुटी धूळ यंत्राच्या गेटमध्ये वाळूसारखी घासते आणि पट्टीभर नवे ओरखडे पाडते. बुरशीने जिलेटिनमध्ये कोरलेली नक्षी पुसून जात नाही, ती स्कॅनमध्ये येतेच. नक्षी ठेवा, धूळ काढा.

## ५ : स्कॅनिंगवाल्याला काय सांगायचं

लेखी द्या. तोंडी सांगितलेलं काउंटरवरच राहतं. मी देतो तो मजकूर असा:

"प्रत्येक फ्रेम स्वतंत्र स्कॅन करावी. भिंतीवर पाडून चित्रीकरण नको. छिद्रं आणि काठ दिसतील इतकी मोकळी चौकट ठेवावी. ग्रेन कमी करणे, ओरखडे पुसणे, चित्र स्थिर करणे, आपोआप रंग दुरुस्त करणे हे सर्व बंद ठेवावे. वेग बदलू नये. आकार किमान टू-के. फाइल प्रोरेझ ४२२ एचक्यू किंवा त्याहून वरची. जळलेले, फाटलेले तुकडे वगळू नयेत."

शेवटचं वाक्य नसेल तर सज्जन माणूस मेहनत घेऊन नेमका तुमचा ऐवज कापून टाकतो. काठही महत्त्वाचा असतो. झीज बहुतेक वेळा तिकडून आत शिरते, आणि चौकट घट्ट कापली की ती कुठून आली हेच दिसत नाही.

फाइल मिळाल्यावर आधी फ्रेम्स मोजा. पन्नास फुटांच्या सुपर एटमध्ये ३६०० फ्रेम्स असतात, अठराच्या वेगाने ३ मिनिटं २० सेकंद. तीच फाइल चोवीसच्या वेगाने आली तर अडीच मिनिटांत संपते आणि आरतीला उभी असलेली माणसं ८.०४ ची लोकल पकडायला निघाल्यासारखी दिसतात. पन्नास फुटांच्या रेग्युलर एटमध्ये ४००० फ्रेम्स, सोळाच्या वेगाने ४ मिनिटं १० सेकंद. मोजणी फार कमी आली तर कुठेतरी तुकडा गळलाय.

तपासा: फाइलच्या तीन प्रती, दोन वेगळ्या डिस्कवर, त्यांतली एक दुसऱ्या घरी. हे झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## ६ : पहिलं दाखवणं एकदाच होतं

सगळ्यात जास्त नासाडी इथे होते, आणि ती पट्टीची नसते. स्कॅन हातात आलं की माणूस उत्साहात दोन क्लिपा कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. तासाभरात सगळ्या काकू-मावश्यांनी चेहरे ओळखून, एकमेकींना दुरुस्त करून, एक ठरीव गोष्ट तयार केलेली असते. त्यानंतर प्रत्येक जण तीच गोष्ट सांगतो. कच्ची, अडखळती आठवण गेली, ती परत मिळत नाही.

म्हणून आधी कोणालाही काही पाठवू नका. एका वेळी एकच माणूस बोलवा. दुपार बरी, जेवण झाल्यावर. पंखा बंद, फ्रिजचा प्लग काढलेला (परत लावायला विसरू नका, मी विसरलोय), खिडकीतली कबुतरं हाकललेली. कॉलर-माइक लावा आणि चित्र सुरू होण्याच्या पाच मिनिटं आधीपासून रेकॉर्डिंग चालू ठेवा. "हे कोण?" असं विचारू नका. परीक्षा सुरू झाली की माणूस आठवत नाही, उत्तर देतो. गप्प बसा. लांब शांतता आली तरी गप्प बसा.

गिरगावचं रीळ मी मावशीला असं दाखवलं. मखराचा शॉट आला तशी ती म्हणाली, "हा आपला गणपती नव्हे. आपल्या मागे निळा पडदा होता, आईच्या साडीचा." पडद्यावर मागे सगळं गुलाबी होतं. रीळ कोडाक्रोमचं, म्हणजे रंग टिकवणाऱ्या जातीचं, नव्हतं. त्या काळच्या अशा पुष्कळ रंगीत पट्ट्यांत निळसर-हिरवं रंगद्रव्य, ज्याला सायन म्हणतात, ते आधी उडतं आणि गुलाबी तेवढं उरतं. म्हणजे मावशीला बरोबर आठवत होतं आणि पट्टी विसरली होती. संगणकावर दहा मिनिटांत तो पडदा निळा करता आला असता. मी तो गुलाबीच ठेवला आणि त्यावर तिचं "आपला गणपती नव्हे" हे वाक्य तसंच राहू दिलं.

दुसऱ्यांदा दाखवा ते आठवड्याने, आणि तेव्हा हवे ते प्रश्न विचारा. नावं, वर्षं, नाती त्या वेळी नोंदवा.

## ७ : मुद्दाम झीज घडवायची असेल तर

घरच्या मूळ पट्टीवर एक ओरखडासुद्धा नाही. प्रयोगासाठी चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर भंगारात ३५ मिमीचे तुकडे मिळतात तेव्हा ते घ्या. तुकड्यांचं रीळ काठाने उजेडासमोर धरा. उजेड आरपार झिरपला तर बहुधा पॉलिएस्टर, म्हणजे नव्या प्रकारची पट्टी, काळंभोर दिसलं तर ॲसिटेट, नाहीतर नायट्रेटही. जुन्या, वास मारणाऱ्या किंवा शंका येणाऱ्या पट्टीला हात लावू नका, नायट्रेटची गोष्ट वर झालीच आहे.

एक फूट म्हणजे ३५ मिमीच्या सोळा फ्रेम्स. फुटाफुटाचे सहा तुकडे करा. ओळख पटावी म्हणून काठाला एक, दोन, तीन अशा खाचा मारा. पेनने लिहिलेलं मातीत उडून जातं. कुंडीतल्या ओल्या मातीत सगळे पुरा आणि दर दोन दिवसांनी एक काढा. (कुंडी तुळशीची नको. घरात भांडण होतं.) पावसाळ्यात हे फार झपाट्याने होतं. माझा चौथा तुकडा आठव्या दिवशी स्वच्छ काचेसारखा निघाला, चित्र सगळं मातीत. पहिले दोन तुकडे सहसा सगळ्यात कामाचे निघतात. अर्धा चेहरा आहे, अर्धा वाहून गेलाय, अशा अवस्थेतले.

काढलेला तुकडा ट्रेमधल्या साध्या पाण्यात हलवून धुवा, चोळू नका, सावलीत चिमट्याला टांगा. स्वयंपाकाची भांडी वापरू नका. समुद्राच्या पाण्याचा प्रयोगही काही जण करतात. मिठाचे स्फटिक सुंदर दिसतात, पण मीठ ओल धरतं आणि पावसाळ्यात तुकडा पुन्हा पाझरतो, म्हणून लगेच चित्रित करा.

सावधान: असा तुकडा कोणाच्याही स्कॅनरमध्ये देऊ नका. लाइट-पॅडवर ठेवून, मॅक्रो लेन्सने, कॅमेरा स्टँडला बांधून फ्रेम-फ्रेम फोटो काढा.

आणि प्रिंट विकत घेतली म्हणजे हक्क विकत घेतले असं होत नाही. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढल्या वर्षापासून साठ वर्षं चालतो, गाणी आणि संहिता यांचे हक्क वेगळे. महोत्सवाला पाठवायचं असेल तर ओळखू येणारे प्रसिद्ध चित्रपटांचे तुकडे टाळा. घरच्या रिळात शेजारीपाजारी असतात, त्यांच्या घरच्यांना आधी विचारा.

## ८ : जुळणी

संगणकावर संकलनाची टाइमलाइन उघडण्याआधी वहीत चार रकाने आखा: फ्रेम नंबर, चित्रात काय, झीज कसली, त्या क्षणी बोलणारा काय म्हणाला. कंटाळवाणं आहे, पण चित्रपट या तक्त्यातच सापडतो. बुरशीचे ठिपके ठरावीक अंतराने मोठे होत परत येताना दिसतील, कारण रिळाच्या एकावर एक वेटोळ्यांना तो एकच डाग लागलेला असतो. त्या येण्या-जाण्याचा ठेका धरून कापा, संगीत आणून बसवू नका.

अठराचा वेग चोवीसच्या टाइमलाइनवर आणताना दर तिसरी फ्रेम दोनदा दाखवा, सोळाचा आणताना दर दुसरी. सॉफ्टवेअरला मधल्या फ्रेम्स स्वतः बनवू देऊ नका. तो पर्याय बहुधा आधीपासून चालू असतो. तो डाग आणि चेहरा एकमेकांत मिसळून दोन्हींचा चिखल करतो.

आणि दोन गोष्टी, ज्या दिसल्या की मी बघणं थांबवतो. एक, खऱ्या झिजेवर लावलेला खोट्या ओरखड्यांचा तयार फिल्टर. दोन, मूक रिळाखाली लावलेला प्रोजेक्टरचा खडखडाट. तुमच्याकडे मावशीचा श्वास आहे, बांगडी टेबलाला लागल्याचा आवाज आहे, तिकडे जा.

## ९ : मूळ रीळ परत ठेवताना

गंजका डबा बदला. हवा जाईल असा प्लास्टिकचा डबा आणि आत पट्टी ना फार घट्ट ना सैल. जुना डबा फेकू नका, वेगळा ठेवा. पत्र्याखालच्या माळ्यावर परत चढवू नका. घरातल्या त्यातल्या त्यात थंड, कोरड्या खोलीतलं गोदरेजचं कपाट बरं. शेजारी सिलिका जेल ठेवा आणि दाण्यांचा रंग बदलला की तापवून कोरडं करा. आंबट वासाचं रीळ हवाबंद पिशवीत कोंडू नका, सुटलेलं ॲसिड आतच राहतं. दर वर्षी पावसाळ्यानंतर एकदा डबा उघडून वास घ्या आणि तारीख वहीत लिहा.

सुटलेले, जळलेले तुकडे वेगळ्या कागदी पाकिटात, फ्रेम नंबरासह. माझ्याकडच्या पाकिटावर "२१४६ ते २१५३, आजी, ताट" असं लिहिलंय. स्कॅनमध्ये त्या आठ फ्रेम्स म्हणजे तपकिरी कडा असलेली भोकं आहेत. चित्रपटात त्या जशाच्या तशा, त्यांच्याच जागी आहेत.